अमेरिकेतील मताधिकाराचा इतिहास

अमेरिकेतील मताधिकाराचा इतिहास हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मतदानाचा हक्क कोणाला मिळाला, कोणाला नाकारला गेला आणि मिळालेला हक्क कोणत्या उपायांनी पुन्हा काढून घेतला गेला, याचा इतिहास आहे. इ.स. १७८७ मध्ये तयार झालेल्या मूळ राज्यघटनेत मतदानाचा हक्क कोणालाही स्पष्ट शब्दांत दिलेला नव्हता. मतदाराची पात्रता ठरविण्याचे काम घटक राज्यांवर सोपविले होते. आरंभी बहुतेक राज्यांत केवळ मालमत्ताधारक गोरे पुरुष मतदान करीत. पुढे मालमत्तेची अट, वर्ण, लिंग आणि वय या कारणांवरून होणारी वंचना टप्प्याटप्प्याने घटनादुरुस्त्या, कायदे व न्यायनिर्णय यांद्वारे दूर झाली. मात्र हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. इ.स. १८७० मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना घटनेने दिलेला हक्क दक्षिणेकडील राज्यांत इ.स. १९०० च्या सुमारास जवळजवळ नाहीसा झाला होता. तो प्रत्यक्षात परत मिळण्यासाठी इ.स. १९६५ चा मताधिकार कायदा व्हावा लागला.

घटनात्मक पार्श्वभूमी

अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदानुसार, राज्याच्या विधिमंडळातील अधिक सदस्यसंख्या असलेल्या सभागृहासाठी जे मतदान करू शकतात, तेच प्रतिनिधिगृहासाठीही मतदान करू शकतात. निवडणुकीची वेळ, स्थळ व पद्धत ठरविण्याचा अधिकार राज्यांना असून त्यात बदल करण्याची मुभा काँग्रेसला आहे. त्यामुळे एकाच देशात मतदाराच्या पात्रतेचे निरनिराळे नियम अस्तित्वात आले. भारतातील निवडणूक आयोगासारखी देशभरातील निवडणुका स्वतः घेणारी मध्यवर्ती यंत्रणा तेथे नाही. मतदार याद्या, मतपत्रिका व मतमोजणी यांची व्यवस्था राज्ये आणि त्यांच्या अखत्यारीतील काउंट्या, म्हणजे जिल्ह्यासारखी प्रशासकीय क्षेत्रे, पाहतात. मताधिकाराविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ या रचनेत आहे.

मूळ घटनेतील आणखी एक तरतूद महत्त्वाची होती. प्रतिनिधिगृहातील जागांच्या वाटपासाठी लोकसंख्या मोजताना गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश भाग धरला जाई. गुलामांना मत नव्हते, परंतु त्यांच्या संख्येमुळे त्यांच्या मालकांच्या राज्यांना अधिक प्रतिनिधी मिळत.

मालमत्तेची अट आणि तिचा शेवट

स्वातंत्र्याच्या काळात बहुतेक राज्यांत मतदानासाठी जमीन, ठराविक मालमत्ता किंवा कर भरल्याचा पुरावा आवश्यक होता. ज्याच्याकडे मालमत्ता नाही तो दुसऱ्याच्या आश्रयाने जगतो, म्हणून त्याचे मत स्वतंत्र असू शकत नाही, असे या अटीचे समर्थन केले जाई. व्हर्माँटच्या इ.स. १७७७ च्या घटनेने मात्र मालमत्तेची अट न घालता पुरुषांना मताधिकार दिला.

न्यू जर्सीचा अपवाद लक्षणीय आहे. त्या राज्याच्या इ.स. १७७६ च्या घटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मतदानाचा हक्क होता. त्यामुळे अविवाहित व विधवा स्त्रिया आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय तेथे मतदान करीत असत. तत्कालीन कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीची मालमत्ता पतीच्या ताब्यात जात असल्याने विवाहित स्त्रिया या अटीत बसत नसत. इ.स. १८०७ मध्ये नवा कायदा करून हा हक्क करदात्या गोऱ्या पुरुषांपुरता मर्यादित करण्यात आला. एकदा मिळालेला मताधिकार कायद्याने काढून घेतला जाऊ शकतो, याचे हे अमेरिकेतील एक आरंभीचे उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालमत्तेची अट एकेका राज्यात रद्द होत गेली. ऱ्होड आयलंडमध्ये ही अट दीर्घकाळ टिकल्याने इ.स. १८४२ मध्ये टॉमस डोर यांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र उठाव झाला. इ.स. १८५६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने अट काढून टाकल्यानंतर गोऱ्या पुरुषांचा मताधिकार देशभर जवळपास सार्वत्रिक झाला.

गोऱ्या गरिबांसाठी दार उघडत असतानाच कृष्णवर्णीयांसाठी ते बंद होत होते. न्यूयॉर्कने इ.स. १८२१ च्या घटनेत गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट काढली, पण कृष्णवर्णीयांसाठी अडीचशे डॉलरच्या मालमत्तेची अट ठेवली. पेनसिल्व्हेनियाने इ.स. १८३८ च्या घटनेत मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा शब्द घातला. इ.स. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय व्यक्ती अमेरिकेची नागरिक असू शकत नाही, असा निर्णय दिला.

यादवी युद्धानंतरचे पुनर्रचना पर्व

यादवी युद्धात (१८६१–१८६५) दक्षिणेचा पराभव झाल्यानंतर तीन घटनादुरुस्त्या झाल्या. तेराव्या दुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी नष्ट केली. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून मतदानाचा हक्क नाकारण्यास मनाई केली. या दुरुस्तीची भाषा नकारात्मक आहे. ती मताधिकार देत नाही, तर तीन विशिष्ट कारणांवरून तो नाकारू नये असे सांगते. साक्षरता, मालमत्ता, कर किंवा लिंग या कारणांचा तिच्यात उल्लेख नाही. ही उणीव पुढे निर्णायक ठरली.

इ.स. १८६७ च्या पुनर्रचना कायद्यांमुळे दक्षिणेत लष्कराच्या देखरेखीखाली कृष्णवर्णीय पुरुषांची मतदार नोंदणी झाली. या पर्वात सुमारे दोन हजार कृष्णवर्णीयांनी स्थानिक पदांपासून काँग्रेसपर्यंत विविध सार्वजनिक पदे भूषविली. मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स हे इ.स. १८७० मध्ये पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले.

या बदलाला हिंसक विरोध झाला. कू क्लक्स क्लानसारख्या गुप्त संघटनांनी मतदारांवर हल्ले केले. इ.स. १८७३ मध्ये लुईझियानातील कोलफॅक्स येथे निवडणुकीच्या वादातून कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले. त्यातून उद्भवलेल्या क्रुकशँक खटल्यात (१८७६) सर्वोच्च न्यायालयाने आरोपींवरील दोषसिद्धी रद्द केली. चौदावी दुरुस्ती राज्यांच्या कृतीला बांधते, खासगी व्यक्तींच्या कृतीला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. इ.स. १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा वाद मिटल्यानंतर दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी असलेले संघीय सैन्य मागे घेण्यात आले आणि पुनर्रचना पर्व संपले.

दक्षिणेतील मताधिकारवंचना (१८९०–१९०८)

इ.स. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना तयार केली. तेव्हा त्या राज्यात कृष्णवर्णीयांची लोकसंख्या निम्म्याहून अधिक होती, परंतु घटना तयार करणाऱ्या १३४ प्रतिनिधींत केवळ एक कृष्णवर्णीय होता. पंधराव्या दुरुस्तीमुळे वर्णाचा उल्लेख करता येत नव्हता. म्हणून दिसायला सर्वांना सारखे लागू पडणारे, पण प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांना वगळणारे नियम करण्यात आले. पुढील दोन दशकांत दक्षिणेतील इतर राज्यांनी हाच मार्ग अनुसरला. त्यातील प्रमुख उपाय पुढीलप्रमाणे होते.

मतदान कर : मतदान करण्यापूर्वी ठराविक कर भरावा लागे. मिसिसिपीत तो वर्षाला दोन डॉलर होता. अलाबामात तो दीड डॉलर होता व थकबाकी साचत जाई. वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबाच्या हातात रोख रक्कम क्वचितच येत असल्याने हा अडथळा मोठा होता. अनेक गरीब गोरेही त्यामुळे मतदानाला मुकले.

साक्षरता व आकलन चाचणी : अर्जदाराला राज्यघटनेतील एखादे कलम वाचून दाखवावे लागे किंवा ऐकून त्याचा ‘योग्य’ अर्थ सांगावा लागे. अर्थ योग्य की अयोग्य हे नोंदणी अधिकारी ठरवी. कोणते कलम विचारायचे हेही त्याच्याच हाती असे. त्यामुळे सुशिक्षित कृष्णवर्णीय शिक्षक अनुत्तीर्ण आणि निरक्षर गोरा शेतकरी उत्तीर्ण, असे घडू शके.

आजोबा कलम : इ.स. १८९८ मध्ये लुईझियानाने १ जानेवारी १८६७ रोजी मतदानास पात्र असलेल्या व्यक्तींना तसेच त्यांच्या मुलांना व नातवांना साक्षरता आणि मालमत्तेच्या अटीतून सूट दिली. त्या तारखेला तेथील कृष्णवर्णीयांना मताधिकारच नसल्याने सूट केवळ गोऱ्यांना मिळाली.

गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक : दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडून येणे जवळपास निश्चित असे. त्यामुळे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक होती. पक्ष ही खासगी संस्था आहे, असे सांगून तिच्यातून कृष्णवर्णीयांना वगळले जाई.

या उपायांचा परिणाम झपाट्याने दिसला. लुईझियानात इ.स. १८९६ मध्ये सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. इ.स. १९०० मध्ये ही संख्या सुमारे ५,३०० आणि इ.स. १९०४ मध्ये सुमारे १,३०० झाली. इ.स. १९०१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे जॉर्ज हेन्री व्हाइट यांची मुदत संपल्यानंतर इ.स. १९७३ पर्यंत दक्षिणेतून एकही कृष्णवर्णीय काँग्रेसमध्ये गेला नाही.

न्यायालयांनी या काळात हस्तक्षेप केला नाही. विल्यम्स विरुद्ध मिसिसिपी (१८९८) या खटल्यात, कायद्याच्या शब्दांत भेदभाव दिसत नाही, या कारणास्तव मिसिसिपीची व्यवस्था वैध ठरली. मताधिकार नाकारणाऱ्या राज्याचे प्रतिनिधित्व कमी करण्याची तरतूद चौदाव्या दुरुस्तीत होती, परंतु ती कधीही अमलात आली नाही. आजोबा कलम इ.स. १९१५ मध्ये व गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक इ.स. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविली. मात्र मतदान कर व साक्षरता चाचणी त्यानंतरही चालू राहिली.

स्त्रियांचा मताधिकार

इ.स. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे भरलेल्या परिषदेत एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी मांडली. माजी गुलाम व विचारवंत फ्रेडरिक डग्लस यांनी तिला पाठिंबा दिला. चौदाव्या दुरुस्तीत मतदारांच्या संदर्भात ‘पुरुष’ हा शब्द घटनेत प्रथमच आला आणि पंधराव्या दुरुस्तीतून लिंगाचा उल्लेख वगळला गेला. त्यामुळे इ.स. १८६९ मध्ये स्त्री-मताधिकार चळवळीत फूट पडली.

त्याच वर्षी वायोमिंग प्रदेशाने स्त्रियांना मताधिकार दिला. सुसान बी. अँथनी यांनी इ.स. १८७२ च्या निवडणुकीत मतदान केले, म्हणून त्यांना शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी भरला नाही. मायनर विरुद्ध हॅपरसेट (१८७५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, स्त्री नागरिक असली तरी नागरिकत्वातून मताधिकार आपोआप प्राप्त होत नाही, असा निर्णय दिला.

राज्याराज्यांतील दीर्घ प्रयत्नांनंतर एकोणिसावी घटनादुरुस्ती १८ ऑगस्ट १९२० रोजी टेनेसीच्या मंजुरीने पूर्ण झाली. हॅरी बर्न या चोवीस वर्षांच्या सदस्याने आईचे पत्र आल्यावर दुरुस्तीच्या बाजूने दिलेले मत तेथे निर्णायक ठरले. दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र या दुरुस्तीचा लाभ झाला नाही. त्यांच्यापुढे मतदान कर आणि साक्षरता चाचणी हे अडथळे तसेच उभे होते.

मूलनिवासी आणि आशियाई स्थलांतरित

एल्क विरुद्ध विल्किन्स (१८८४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जमातीत जन्मलेली मूलनिवासी व्यक्ती जमात सोडली तरी आपोआप नागरिक होत नाही, असे ठरविले. इ.स. १९२४ च्या कायद्याने सर्व मूलनिवासींना नागरिकत्व मिळाले, परंतु काही राज्यांनी मताधिकार नाकारणे चालू ठेवले. ॲरिझोना मूलनिवासींना ‘पालकत्वाखालील व्यक्ती’ मानत असे. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या फ्रँक हॅरिसन या मूलनिवासी सैनिकाने दाखल केलेल्या खटल्यामुळे ही बंदी इ.स. १९४८ मध्ये उठली. न्यू मेक्सिकोतील बंदीही त्याच वर्षी उठली.

आशियाई स्थलांतरितांना मताधिकारापासून दूर ठेवण्याचे साधन नागरिकत्वाचा कायदा हे होते. इ.स. १८८२ च्या चिनी-बंदी कायद्याने चिनी लोकांना नागरिकत्व नाकारले. इ.स. १९२३ मध्ये पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात सेवा केलेले भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, भारतीय व्यक्ती कायद्याच्या अर्थाने ‘गोरी’ नाही, म्हणून तिला नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निर्णय दिला. आधी नागरिक झालेल्या काही भारतीयांचे नागरिकत्वही त्यानंतर काढून घेण्यात आले. इ.स. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना हा मार्ग खुला झाला. त्यानुसार इ.स. १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद हे इ.स. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले. ते काँग्रेसचे पहिले आशियाई-अमेरिकन मतदार-सदस्य होत. नागरिकत्वासाठीची वंशाची अट इ.स. १९५२ मध्ये पूर्णपणे रद्द झाली.

नागरी हक्क चळवळ आणि इ.स. १९६५ चा कायदा

इ.स. १९५७ व १९६० च्या नागरी हक्क कायद्यांनी मताधिकार नाकारल्यास संघीय सरकारला न्यायालयात जाण्याची मुभा दिली. परंतु प्रत्येक काउंटीविरुद्ध स्वतंत्र खटला लढवावा लागे आणि एक नियम रद्द झाला की दुसरा तयार होई. इ.स. १९६४ मध्ये मिसिसिपीतील पात्र कृष्णवर्णीयांपैकी सात टक्क्यांहून कमी लोक मतदार म्हणून नोंदलेले होते.

नोंदणीचा प्रयत्न करणाऱ्यांना काय सोसावे लागे, याचे उदाहरण म्हणून फॅनी लू हेमर यांचा उल्लेख केला जातो. कापसाच्या मळ्यावर काम करणाऱ्या हेमर इ.स. १९६२ मध्ये मिसिसिपीतील इंडियनोला येथे नोंदणीसाठी गेल्या. त्याच दिवशी त्यांना मळ्यावरील घर सोडावे लागले. पुढील वर्षी त्यांना पोलीस कोठडीत जबर मारहाण झाली. इ.स. १९६४ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्यांनी दिलेली साक्ष दूरचित्रवाणीवरून देशभर पोहोचली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मिसिसिपीत नोंदणी मोहिमेत काम करणारे जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन व मायकेल श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांचे खून झाले.

इ.स. १९६५ च्या आरंभी अलाबामातील सेल्मा हे आंदोलनाचे केंद्र बनले. फेब्रुवारीत जिमी ली जॅक्सन हा तरुण पोलिसाच्या गोळीने जखमी होऊन मरण पावला. ७ मार्च रोजी सुमारे सहाशे लोक सेल्माहून राजधानी माँटगोमेरीकडे निघाले असता एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या व अश्रुधुराने हल्ला केला. पुढे काँग्रेसचे सदस्य झालेले जॉन लुईस यांच्या कवटीला त्यात इजा झाली. हा दिवस ‘रक्तरंजित रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्याची दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसल्याने जनमत ढवळून निघाले. मार्टिन ल्यूथर किंग (कनिष्ठ) यांच्या नेतृत्वाखालील मोर्चा २५ मार्च रोजी माँटगोमेरीला पोहोचला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याच्या तीन तरतुदी विशेष महत्त्वाच्या होत्या. कलम २ ने वंशाच्या आधारे मताधिकार नाकारणाऱ्या नियमांना देशभर मनाई केली. कलम ४ ने, जेथे नोव्हेंबर १९६४ मध्ये साक्षरतेसारखी चाचणी लागू होती आणि नोंदणी किंवा मतदान निम्म्याहून कमी होते, असे प्रदेश निश्चित करून तेथील चाचण्या स्थगित केल्या. कलम ५ नुसार अशा प्रदेशांना निवडणूक नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी संघीय न्यायखात्याची किंवा वॉशिंग्टन येथील न्यायालयाची पूर्वमान्यता घ्यावी लागे. म्हणजे भेदभाव झाल्यावर पीडिताने तो सिद्ध करण्याऐवजी, बदल भेदभाव करणारा नाही हे राज्याने आधीच दाखवून द्यायचे होते. दोनच वर्षांत मिसिसिपीतील कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी सुमारे साठ टक्क्यांवर गेली.

याच सुमारास इतर अडथळेही दूर झाले. चोविसाव्या दुरुस्तीने (१९६४) संघीय निवडणुकांतील मतदान कर रद्द केला. राज्यांच्या निवडणुकांतील कर सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९६६ मध्ये अवैध ठरविला. रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स (१९६४) या निर्णयाने राज्य विधिमंडळांचे मतदारसंघ लोकसंख्येच्या दृष्टीने समान असावेत, हे तत्त्व प्रस्थापित केले. अलाबामात त्यापूर्वी साठ वर्षे जागांचे फेरवाटप झाले नव्हते. सव्विसाव्या दुरुस्तीने (१९७१) मतदानाचे किमान वय अठरा वर्षे झाले. इ.स. १९७५ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांनाही मताधिकार कायद्याचे संरक्षण मिळाले.

एकविसाव्या शतकातील वाद

इ.स. २००६ मध्ये पूर्वमान्यतेच्या तरतुदीला काँग्रेसने आणखी पंचवीस वर्षांची मुदतवाढ दिली. सिनेटमध्ये हा ठराव ९८ विरुद्ध ० मतांनी संमत झाला. मात्र शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर (२०१३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कलम ४ मधील निकष घटनाबाह्य ठरविले. चाळीस वर्षांपूर्वीच्या आकडेवारीवरून आजची राज्ये वेगळी काढता येणार नाहीत, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचे म्हणणे होते. पावसात भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखा हा निर्णय आहे, अशा आशयाची टीका न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमतपत्रात केली. निकष रद्द झाल्याने पूर्वमान्यतेची तरतूद निष्प्रभ झाली. त्यानंतर टेक्सास व नॉर्थ कॅरोलायनासह काही राज्यांनी कडक नियम लागू केले. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा इ.स. २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने भेदभावाच्या हेतूमुळे रद्द केला.

सध्याचे वाद मुख्यतः पुढील विषयांवर आहेत.

ओळखपत्र : छायाचित्र असलेल्या ओळखपत्राने तोतयेगिरी टळते व निवडणुकीवरील विश्वास वाढतो, असे समर्थक म्हणतात. असे ओळखपत्र नसलेल्यांत गरीब, वृद्ध व अल्पसंख्याक अधिक असतात आणि तोतयेगिरीची प्रकरणे अत्यल्प आहेत, असे विरोधक म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने इंडियानाचा असा कायदा इ.स. २००८ मध्ये वैध ठरविला.

मतदार याद्यांची छाननी : मृत व स्थलांतरित मतदारांची नावे वगळणे आवश्यक असले तरी त्यात पात्र मतदारही वगळले जातात. फ्लोरिडात इ.स. २००० च्या निवडणुकीपूर्वी गुन्हेगार म्हणून वगळावयाच्या यादीत अनेक चुकीची नावे आली होती. त्या राज्याचा, आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदाचा, निकाल ५३७ मतांनी लागला.

शिक्षा झालेल्या व्यक्ती : मेन व व्हर्माँट या राज्यांत कैदीही मतदान करतात. इतर बहुतेक राज्यांत गंभीर गुन्ह्यासाठी तुरुंगात असताना, आणि काही ठिकाणी सुटकेनंतरही, मताधिकार नसतो. फ्लोरिडाच्या मतदारांनी इ.स. २०१८ मध्ये शिक्षा पूर्ण केलेल्या बहुतेकांना मताधिकार परत दिला. पुढील वर्षी राज्याने दंड व न्यायालयीन शुल्क भरण्याची अट घातली. टीकाकार तिची तुलना जुन्या मतदान कराशी करतात.

मतदारसंघांची आखणी : वांशिक अल्पसंख्याकांची मते विभागणाऱ्या आखणीला कलम २ खाली आव्हान देता येते. ॲलन विरुद्ध मिलिगन (२०२३) या खटल्यात अलाबामाची आखणी याच कारणाने अवैध ठरली. केवळ पक्षीय लाभासाठी केलेल्या आखणीत मात्र संघीय न्यायालये हस्तक्षेप करणार नाहीत, असा निर्णय इ.स. २०१९ मध्ये झाला.

प्रदेशवासी : प्वेर्तो रिकोचे रहिवासी अमेरिकेचे नागरिक असूनही तेथे राहत असताना राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान करू शकत नाहीत. राजधानी वॉशिंग्टनच्या रहिवाशांना तो हक्क तेविसाव्या दुरुस्तीने (१९६१) मिळाला, परंतु काँग्रेसमध्ये त्यांचा मताचा अधिकार असलेला प्रतिनिधी नाही.

महाराष्ट्र व भारताशी संबंध

महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या वेळी अमेरिकेत पुनर्रचना पर्व चालू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इ.स. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेव्हा दक्षिणेतील मताधिकारवंचना पूर्णत्वास गेली होती. इ.स. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढील साक्षीत त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराच्या अटी शिथिल करण्याची मागणी केली आणि इ.स. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार केला. इ.स. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने साक्षरता, मालमत्ता किंवा कर यांची अट न घालता प्रौढ मताधिकार आरंभापासूनच दिला. तेव्हा देशातील बहुसंख्य जनता निरक्षर होती. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेत साक्षरता चाचणी हे मतदार वगळण्याचे प्रमुख साधन होते. दोन्ही देशांतील आणखी एक फरक नोंदणीविषयीचा आहे. भारतात मतदार यादी तयार करणे हे निवडणूक आयोगाचे कर्तव्य मानले जाते, तर अमेरिकेत नाव नोंदविण्याची जबाबदारी परंपरेने नागरिकावर राहिली आहे. वाहन परवाना कार्यालयात नोंदणीची सोय करणारा इ.स. १९९३ चा संघीय कायदा आणि काही राज्यांतील स्वयंचलित नोंदणी यांमुळे हा भार अलीकडे काहीसा हलका झाला आहे.

हेही पाहा

अमेरिकेची राज्यघटना
अमेरिकन यादवी युद्ध
नागरी हक्क चळवळ
मार्टिन ल्यूथर किंग (कनिष्ठ)
प्रौढ मताधिकार
भारतीय निवडणूक आयोग